कार्बामेट कीटकनाशके : कॅलाबारच्या बियेपासून बोरखेडीपर्यंत

प्रस्तावना

२०११ साली नागपूर जिल्ह्यातील बोरखेडी हे गाव एकाएकी चर्चेत आले. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात अनेक वर्षे पडून असलेला सुमारे ३५० टन विषारी कचरा बोरखेडी येथील संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या भस्मीकरण केंद्रात जाळावा, असे निर्देश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने दिले होते. त्याआधी हा कचरा गुजरातेतील अंकलेश्वर येथे पाठविण्याचा प्रयत्न झाला होता व गुजरातने तो नाकारला होता. नागपुरातही विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, महाराष्ट्र शासनानेही संमती दिली नाही आणि कचरा भोपाळातच राहिला.

या वादात 'विषारी कचरा' हा शब्दप्रयोग सतत झाला. परंतु तो कचरा मुळात कशाचा होता, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. त्यातील मोठा भाग सेविन या कीटकनाशकाचे अवशेष, नॅफ्थॉलचे अवशेष, अर्धवट प्रक्रिया झालेली रसायने व त्यांनी दूषित झालेली माती यांचा होता. सेविन हे कार्बारिल या रसायनाचे व्यापारी नाव. कार्बारिल हे कार्बामेट वर्गातील, जगात सर्वाधिक खपलेल्या कीटकनाशकांपैकी एक. विदर्भातील कपाशी, ज्वारी व हरभरा यांच्या शेतात ते भुकटीच्या रूपाने दीर्घकाळ वापरले गेले. जे रसायन शेतकरी विश्वासाने धुरळत होता, त्याच्याच निर्मितीचे अवशेष काही दशकांनंतर जाळण्यासाठी त्याच्या दाराशी येऊ पाहत होते. प्रस्तुत लेखात या वर्गाच्या विषारी संयुगांचा इतिहास, त्यांचे कार्यतत्त्व आणि विदर्भाच्या संदर्भात त्यांचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे.

न्यायनिवाड्याची बी

कार्बामेटांचा इतिहास प्रयोगशाळेत सुरू होत नाही. तो पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार या प्रदेशात, आजच्या नायजेरियात, सुरू होतो. तेथील एफिक लोकांमध्ये एखाद्यावर चेटूक वा गुन्ह्याचा आळ आला तर त्यास एका वेलीच्या बियांचा काढा पाजला जाई. तो ओकून टाकून जगला तर निर्दोष, मेला तर दोषी. या दिव्याच्या बियेची वार्ता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडिंबरो येथे पोहोचली. तेथील विषशास्त्रज्ञ रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये या बियेचा अंश स्वतः सेवन करून पाहिला. हृदयाची गती मंदावून हातापायांतील त्राण जाऊ लागल्याचे ध्यानी येताच त्यांनी दाढीचे साबणाचे पाणी पिऊन उलटी केली व प्राण वाचविला. विज्ञानाच्या इतिहासात अशा साहसाचे कौतुक होते. त्याचे अनुकरण मात्र कोणी करू नये.

१८६४ मध्ये योब्स्ट व हेस्से यांनी या बियेतून फायसोस्टिग्मीन हे अल्कलॉइड वेगळे केले. त्याची संरचना १९२५ मध्ये स्टेडमन व बार्जर यांनी निश्चित केली. ते मेथिलकार्बामिक आम्लाचे एस्टर आहे, असे आढळले. १९३५ मध्ये पर्सी ज्युलियन व जोसेफ पिक्ल यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. दरम्यान या द्रव्याचा औषधी उपयोग सुरू झालाच होता. डोळ्याची बाहुली आकुंचित करण्याचा त्याचा गुण १८६३ मध्येच नोंदला गेला होता व काचबिंदूवर ते वापरले जाऊ लागले. १९३४ मध्ये मेरी वॉकर यांनी स्नायूंच्या गंभीर दुर्बलतेच्या रोगावर, म्हणजे मायस्थेनिया ग्रेव्हिसवर, त्याचा प्रभावी उपयोग करून दाखविला. विष आणि औषध यांच्यातील अंतर केवळ मात्रेचे असते, ही आयुर्वेदाच्या अभ्यासकास परिचित असलेली गोष्ट येथे पुन्हा प्रत्ययास येते.

विकराची अडवणूक

ही बी नेमके काय करते, हे समजण्यासाठी चेतासंस्थेचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एका चेतापेशीकडून दुसऱ्या चेतापेशीकडे वा स्नायूकडे संदेश जाताना मधल्या सूक्ष्म फटीत ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते. संदेश पोहोचला की ते तत्काळ नष्ट व्हावे लागते. अन्यथा एकच संदेश पुन्हा पुन्हा दिला जात राहील. हे नष्ट करण्याचे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम करते. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये चेतासंदेशाचे वहन रासायनिक असते हे दाखविले आणि १९२६ मध्ये नव्हरातील यांच्यासह फायसोस्टिग्मीन याच विकरास अडविते हे सिद्ध केले. लोवी यांना हेन्री डेल यांच्याबरोबर १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्बामेटाचा रेणू विकराच्या क्रियाशील स्थानी असलेल्या सेरीन या घटकास चिकटतो. विकरास तो आपले नेहमीचे भक्ष्य वाटतो. परंतु ॲसिटिलकोलीनचा तुकडा जेथे क्षणार्धात सुटतो, तेथे कार्बामेटाचा तुकडा सुटण्यास वेळ लागतो. मेथिलकार्बामेटांच्या बाबतीत अडकलेल्या विकरांपैकी निम्मे विकर मोकळे होण्यास साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. तेवढ्या अवधीत कीटक कापू लागतो, लुळा पडतो व मरतो. मनुष्यातही क्रम हाच. घाम, लाळ, अश्रू यांचा अतिरेक, बाहुल्यांचे आकुंचन, उलट्या, जुलाब, स्नायूंचे फडफडणे आणि शेवटी श्वसनाचा अवरोध.

पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस संयुगे याच विकरास अडवितात. भेद असा की फॉस्फरसाचा बंध सहजी तुटत नाही. काही काळाने तर तो कायमचा होतो व शरीरास नवे विकर तयार करावे लागते. कार्बामेटाची अडवणूक मात्र परतवता येण्याजोगी असते. या एका भेदावर कार्बामेटांची 'सौम्य' अशी प्रतिमा उभी राहिली. ती अंशतः खरी आहे. तिचा खोटा अंश कोठे आहे, हे पुढे येईल.

प्रयोगशाळेतून शेतात

मग फायसोस्टिग्मीनच कीटकनाशक म्हणून का वापरले गेले नाही? कारण त्याचा रेणू विद्युतभारित होतो व कीटकाच्या मेणचट त्वचेतून आणि चेतारज्जूच्या आवरणातून आत शिरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीत हान्स गिझिन यांचे सहकारी कीटकांना पळवून लावणारी द्रव्ये शोधीत होते. त्यांना त्याऐवजी कीटकांना मारणारी कार्बामेटे सापडली. डायमेटान, पायरोलान, आयसोलान ही त्यांची नावे. बाजारात त्यांचा फारसा जम बसला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील प्रयोगशाळेत मेटकाफ, कोल्बेझेन व फुकुटो यांनी १९५४ च्या सुमारास वेगळा विचार केला. फायसोस्टिग्मीनचा कार्बामेट भाग तसाच ठेवावा, परंतु उरलेला रेणू विद्युतभारविरहित व मेदात विरघळणारा असावा. असे रेणू कीटकाच्या शरीरात सहज शिरले. आधुनिक कार्बामेटांची सैद्धांतिक बैठक येथे तयार झाली.

युनियन कार्बाइडने कार्बारिल १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणले. त्या वेळी डीडीटीस दाद न देणाऱ्या कीटकांची संख्या वाढत होती व प्राण्यांच्या चरबीत साठणारे त्याचे अवशेष चिंतेचा विषय बनले होते. कार्बारिल मातीत काही दिवस ते काही आठवडे टिकते व सस्तन प्राण्यांच्या शरीरात साठत नाही. उंदरांवरील चाचणीत त्याची निम्मे प्राणी मारणारी तोंडावाटेची मात्रा दर किलो वजनास सुमारे ३०० मिलिग्रॅम आहे. पॅराथिऑनच्या तुलनेत ती कितीतरी अधिक. त्यामुळे डीडीटीला पर्याय शोधणाऱ्यांना कार्बारिल हे वरदान वाटले. त्यापाठोपाठ बायरचे प्रोपॉक्सर आले. शहरी घरांत झुरळांसाठी ते बेगॉन या नावाने परिचित झाले. १९६०च्या दशकात युनियन कार्बाइडचे अल्डिकार्ब, एफएमसीचे कार्बोफ्युरान व ड्यू पाँचे मेथोमिल ही पुढची पिढी अवतरली.

या पुढच्या पिढीपाशी 'सौम्य' हे विशेषण गळून पडते. कार्बोफ्युरानची उंदरांवरील मारक मात्रा दर किलोस सुमारे ८ मिलिग्रॅम, तर अल्डिकार्बची १ मिलिग्रॅमच्या आसपास. विकराचा बंध तासाभरात सुटणार हे खरे. परंतु त्या तासाभरात श्वास थांबला तर सुटलेल्या बंधाचा काही उपयोग नसतो. दाणेदार स्वरूपात मातीत घातलेली ही द्रव्ये मुळांवाटे झाडाच्या सर्वांगात भिनतात. म्हणून ज्वारीची खोडमाशी, भाताचा खोडकिडा व केळीचे सूत्रकृमी यांवर कार्बोफ्युरानचे ३ टक्के दाणे प्रचलित झाले. जे पाण्यात विरघळते ते पाण्याबरोबर खालीही जाते. १९७९ मध्ये न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथील विहिरींत अल्डिकार्ब आढळले. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात अल्डिकार्बयुक्त कलिंगडे खाऊन हजाराहून अधिक लोक आजारी पडले; कलिंगडावर ते वापरण्यास परवानगीच नव्हती. कार्बोफ्युरानचे दाणे धान्याचे कण समजून टिपणारे पक्षी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर मेले. केनियात गुरांचे भक्षण करणारे सिंह मारण्यासाठी जनावरांच्या मृतदेहात हेच द्रव्य घातले गेले, त्यात गिधाडेही गेली.

येथे एका नामसाधर्म्याचा उल्लेख करणे भाग आहे, कारण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा गोंधळ नेहमी दिसतो. थायरम, झायरम, झायनेब, मॅन्कोझेब ही द्राक्षबागायतदारांच्या परिचयाची बुरशीनाशके डायथायोकार्बामेटे होत. त्यांचा मूळ पेटंट १९३४ चा, म्हणजे कार्बारिलच्या वीसेक वर्षे आधीचा आहे. ती उपरोक्त विकरास उल्लेखनीय प्रमाणात अडवीत नाहीत. त्यांच्याविषयीची चिंता निराळी आहे. मॅन्कोझेबच्या विघटनातून निर्माण होणारे इथिलीन थायोयुरिया अवटू ग्रंथीवर परिणाम करते. युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता काढून घेतली.

भोपाळ : कारखान्याच्या टोकाशी

कार्बारिल दोन मार्गांनी तयार करता येते. एका मार्गात १-नॅफ्थॉलची फॉस्जीनशी क्रिया घडवून मिळालेल्या संयुगावर मेथिल अमाइनची क्रिया करतात. दुसऱ्या मार्गात फॉस्जीन व मेथिल अमाइन यांपासून आधी मेथिल आयसोसायनेट तयार करतात व ते नॅफ्थॉलशी जोडतात. दोन्ही मार्गांत फॉस्जीन हा विषारी वायू लागतोच; परंतु पहिल्यात मेथिल आयसोसायनेट मुळी निर्माणच होत नाही. युनियन कार्बाइडने दुसरा मार्ग स्वीकारला. भोपाळच्या कारखान्यात १९६९ पासून कीटकनाशकांचे मिश्रण तयार होत असे. मेथिल आयसोसायनेटचे उत्पादन १९८० मध्ये सुरू झाले. तेथे सेविनखेरीज टेमिक या नावाने अल्डिकार्ब आणि कार्बारिल व लिंडेन यांचे सेविडॉल हे मिश्रणही तयार होई.

बाजारपेठेचा अंदाज मात्र चुकला होता. उत्पादन क्षमतेपर्यंत कधीच पोहोचले नाही. त्याच सुमारास भारतीय कपाशीवर कृत्रिम पायरेथ्रॉइडे आली. एकरी अत्यल्प मात्रेत ती काम करीत. मागणी घटली, कर्मचारी व देखभाल यांवरील खर्च कमी केला गेला आणि न खपणाऱ्या कीटकनाशकासाठी साठविलेले मेथिल आयसोसायनेट टाकीत राहिले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री त्या टाकीत पाणी शिरून सुमारे ४० टन वायू शहरावर पसरला. मध्य प्रदेश शासनाने वायुगळतीशी निगडित ३,७८७ मृत्यू मान्य केले. प्रत्यक्ष संख्या याहून बरीच अधिक असल्याचे पीडितांच्या संघटना सांगतात. कीटकनाशकाची सुरक्षितता शेतातील फवारणीपाशी व ताटातील अवशेषांपाशी मोजली जाते. कारखान्याच्या टोकाशी ती मोजण्याची पद्धत त्या काळी नव्हती. ज्या निकषांवर कार्बारिल 'सुरक्षित' ठरले होते, त्यांत मेथिल आयसोसायनेट कोठेच नव्हते.

या प्रकरणाचा पुढील भाग नागपूरशी निगडित आहे. कारखान्याच्या आवारातील प्रदूषणाचा अभ्यास नागपूरस्थित राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, १९९०च्या दशकात केला. त्या वेळी भूजल दूषित नसल्याचा निष्कर्ष काढण्यात आला व त्यावर पुढे बरीच टीका झाली. २०१० च्या सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह केलेल्या अभ्यासात नीरीने दूषित मातीचे प्रमाण सुमारे ११ लाख टन असल्याचा अंदाज दिला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २००९ मध्ये केलेल्या तपासणीत तेथील नमुन्यांत अन्य रसायनांबरोबर कार्बारिल व अल्डिकार्बही आढळले होते. शेतातील मातीत काही आठवड्यांत विघटन पावणारे रसायन कारखान्याच्या आवारात पाव शतकानंतरही सापडावे, यातून एवढे दिसते की 'विघटनशील' हा शब्द परिस्थितीनिरपेक्ष नाही.

विदर्भातील कपाशी

देशाच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे ५ टक्के क्षेत्र कपाशीचे, आणि एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी कीटकनाशके कपाशीवर, असे प्रमाण १९९०च्या दशकात वारंवार उद्धृत केले जात असे. १९७० मध्ये एच-४ हा संकरित वाण आल्यानंतर सिंचन, खते व फवारण्या या तिन्हींची वाढ झाली. ठिपक्याची, शेंदरी व अमेरिकन या तिन्ही बोंडअळ्यांवर कार्बारिल वापरले जाई. त्याचा एक दोष लवकरच अनुभवास आला. बोंडअळीबरोबर ते ढालकिड्यासारखे मित्रकीटकही मारते. मावा व कोळी यांवर मात्र त्याचा प्रभाव अल्प. परिणामी एका किडीचा बंदोबस्त करताना दुसरी वाढीस लागते. मधमाश्यांसाठी तर ते घातकच आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस आंध्र प्रदेशातील कपाशीवर अमेरिकन बोंडअळी पायरेथ्रॉइडांस जुमानेनाशी झाली. तेव्हा मेथोमिल व थायोडिकार्ब या कार्बामेटांकडे शेतकरी वळले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने किडींच्या प्रतिकारक्षमतेचे सातत्याने मापन केले. संस्थेतील केशव क्रांती व सहकाऱ्यांनी कपाशीच्या पाच प्रमुख किडींविषयीचा असा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पायरेथ्रॉइडे व फॉस्फरस संयुगे यांच्याबरोबर मेथोमिलचाही समावेश होता. प्रतिकाराचे एक कारण विकरातच दडलेले असते. विकराच्या रचनेत सूक्ष्म बदल झालेला कीटक कार्बामेट व फॉस्फरस संयुगे या दोहोंनाही एकाच वेळी दाद देईनासा होतो. म्हणून एक औषध चालेना म्हणून याच दोन वर्गांतील दुसरे वापरणे, हा कृषी सेवा केंद्रात मिळणारा सल्ला पुष्कळदा निरुपयोगी असतो. त्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, बीटी कपाशीस परवानगी मिळाली व बोंडअळीवरील फवारण्या काही वर्षे घटल्या.

विषबाधेचे निदान

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर राज्य शासनाने ज्या पाच कीटकनाशकांवर तात्पुरते निर्बंध घातले, त्यांत एकही कार्बामेट नव्हते. प्रोफेनोफॉसचे मिश्रण, ॲसिफेट व मोनोक्रोटोफॉस ही त्यांतील तीन फॉस्फरस वर्गातील होती. मात्र रुग्णाच्या लक्षणांवरून फॉस्फरस आणि कार्बामेट यांतील भेद ओळखणे कठीण असते, आणि उपचाराच्या दृष्टीने तो भेद महत्त्वाचा आहे. ॲट्रोपिन हा उतारा दोहोंनाही चालतो. प्रालिडॉक्झाइम हा फॉस्फरसाचा बंध तोडणारा उतारा कार्बामेटाच्या बाबतीत सहसा अनावश्यक असतो. कार्बारिलच्या विषबाधेत तर तो अपायकारक ठरू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

रक्ततपासणीतही एक फसगत संभवते. कार्बामेटाने अडविलेले विकर नमुन्याच्या नळीतही मोकळे होत राहते. यवतमाळचा नमुना दीडशे किलोमीटरवरील नागपूरला येईतो आणि तपासणीस लागेतो विकराचे प्रमाण सर्वसाधारण दिसू शकते व विषबाधाच झाली नाही असा निष्कर्ष निघू शकतो. नमुना तत्काळ थंड ठेवणे व शक्य तितक्या लवकर तपासणे, याला म्हणूनच पर्याय नाही. नुकसानभरपाईच्या प्रकरणात हा कागद पुरावा म्हणून वापरला जातो. अशा वेळी तपासणीतील विलंबाची किंमत मजुराचे कुटुंब मोजते. डब्यावरील लाल वा पिवळा त्रिकोण त्या मजुराच्या हाती क्वचितच पडतो. डबा मालकाच्या घरी असतो आणि मजुराच्या पाठीवर पाण्यात कालवलेल्या औषधाचा पंप असतो.

नियमन

भारतात कीटकनाशकांचे नियमन एका दुर्घटनेतूनच सुरू झाले. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली; त्याची परिणती १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमात झाली. कार्बामेटांपैकी अल्डिकार्ब व कार्बोफ्युरानची ५० टक्के भुकटी २००१ मध्ये बंद झाली. २०१३ मध्ये अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ६६ कीटकनाशकांचा फेरआढावा घेतला आणि त्या अनुषंगाने ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने कार्बारिलवर बंदी आली. भोपाळनंतर तब्बल ३४ वर्षांनी आलेल्या या बंदीचा भोपाळशी थेट संबंध नव्हता, हे विशेष. २०२३ मध्ये मेथोमिलवर बंदी घालण्यात आली व कार्बोफ्युरानची ३ टक्के आवेष्टित दाण्यांखेरीज अन्य सर्व रूपे बंद करण्यात आली. आंतरराष्ट्रीय पातळीवर रॉटरडॅम कराराच्या यादीत अल्डिकार्ब २०११ मध्ये व कार्बोफ्युरान २०१७ मध्ये समाविष्ट झाले.

बोरखेडीस नाकारलेला कचरा पुढे जर्मनीत पाठविण्याचा प्रस्ताव आला व २०१२ मध्येच बारगळला. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे १० टन कचरा चाचणीदाखल जाळण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत दिल्यावर, जानेवारी २०२५ च्या आरंभी ३३७ टन कचरा बंद वाहनांतून पीथमपूरला नेण्यात आला. तेथेही तीव्र विरोध झाला. जून २०२५ अखेर तो जाळून पूर्ण झाला. जाळताना चुना व अन्य द्रव्ये मिसळावी लागल्याने उरलेल्या राखेचे व अवशेषांचे वजन मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरले. कारखान्याच्या आवाराखालील ११ लाख टन माती या हिशेबात धरलेली नव्हती.